क्लॅरिनेटपुढचं नाव

दादा, परवा पुण्याहून एक बाई आल्या होत्या. मुंबईच्या हॉटेलांत पूर्वी जे जॅझ वाजायचं, त्याचा त्या अभ्यास करतात. तुमच्या बँडमधले उरलेले पाच जण चाळीस वर्षांनी एकत्र आले आणि कर्जतला दहिवलीच्या शाळेत रेकॉर्डिंग केलं, ती कॅसेट त्यांनी कुठूनशी मिळवली होती. लॅपटॉपवर चौथी चाल लावली. दोन मिनिटं एकेचाळीस सेकंदांवर क्लॅरिनेट एकटं वर चढतं, तिथे त्यांनी डोळे मिटले. म्हणाल्या, "या वयात ही फुंक! धन्य तुमचे वडील."

दादा, ती फुंक माझी.

तुम्हाला ठाऊक आहे, तरी एकदा लिहितो. तुम्ही मला एक सूरही शिकवला नाहीत. "यानं पोट भरत नाय रं, मशिनवर लक्ष दे," एवढंच. साजगावच्या कारखान्यात पाळी करून मी तुमच्याच जुन्या तबकड्यांवरून एकेक जागा कानाने उतरवली. बोटं कुठे ठेवायची ते पुस्तकातल्या चित्रावरून. ओठ कसे धरायचे हे कळायला मला सात महिने लागले, आणि ते सातही महिने तुम्ही शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले असायचात.

मग रेकॉर्डिंग ठरलं, आणि तुमची वरची नवी कवळी फुंकताना सुटायला लागली. मुंबईत स्टुडिओ मिळत होता, तरी कर्जतलाच करू म्हणून तुम्ही अडून बसलात. का, ते आदल्या दिवशी कळलं. आई भाकऱ्या थापत होती. तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात, माझ्याकडे न बघता, "उद्या तू फुंक. नाव तुजंच घालू."

"कळलं म्हनायचं एकदाचं," आई म्हणाली, "पोराला वाजवता येतं ते!"

शाळेत पंखे बंद, खिडक्या बंद. दोनदा घाट चढणाऱ्या गाडीच्या भोंग्याने चाल बिघडवली. तिसऱ्यांदा जमली. तुमचे ट्रम्पेटवाले मित्र घाम पुसत तुम्हाला म्हणाले, "तू असं कधी वाजवलंस रे? पोराने खाल्लं तुला!" सगळे हसले. तुम्ही नाही. महिन्याने कॅसेट आली, तर क्लॅरिनेटपुढे तुमचं नाव. विचारलं, तर "छापणाऱ्याची चूक असंल." तुम्ही गेल्यावर ट्रंकेत त्या छापणाऱ्याला दिलेल्या यादीची कच्ची प्रत सापडली. अक्षर तुमचंच. माझं नाव लिहून खोडलेलं असेल म्हणून मी कागद उजेडात धरून पाहिला. ते लिहिलेलंच नव्हतं.

परवा बाईंना सांगायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "तुम्हीही वाजवता म्हणे. ही जागा दाखवाल?" क्लॅरिनेट मी दर रविवारी पुसून ठेवतो, वाजवतो क्वचित. तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा वरचा सूर लागला नाही, दुसऱ्यांदा फाटला, तिसऱ्यांदा श्वास पुरला नाही. त्या अगदी मनापासून म्हणाल्या, "असू दे हो. ती वडिलांचीच जागा."

मी हो म्हणालो.

आता त्यांच्या पुस्तकात तुमचं नाव पुन्हा छापलं जाईल, आणि या वेळी ते मी दिलंय. बाईंचा पत्ता माझ्याकडे आहे. हाच कागद त्यांना धाडला तरी चूक सुधारेल. धाडणार नाही. तुमचा मान राखायचा म्हणून नव्हे, दादा. तो फाटका सूर ऐकल्यावर त्या माझ्यावर विश्वास ठेवणार नाहीत, याची मला भीती वाटते.