प्रकाशच्या दाखल्यासाठी शब्द

२ जुलै
मासेमारीची बंदी. नौका वर ओढल्यात, त्यांची इंजिनं दुरुस्तीला आमच्या शेडमध्ये. हे मे महिन्यात वारले, तेव्हापासून सगळं ह्यांच्या हाताखालचा प्रकाशच बघतो. माझी इद्दत चालू, नवऱ्यामागे चार महिने दहा दिवस उंबऱ्याबाहेर जायचं नाही. शेड घराला लागून, त्यामुळे आवाज तेवढा येतो.
दुपारी तो खिडकीपाशी आला. मध्ये पडदा. "भाभी, मस्कतला वर्कशॉपात जागा हाय. एजंट अनुभवाचा दाखला मागतोय, इंग्लिशमधी. उस्ताद असते तर..."
मालक म्हणून आता सही माझी. देते म्हटलं.

५ जुलै
लिहिला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतात तेच शब्द सुचले. वर्क सॅटिसफॅक्टरी, कंडक्ट गुड. माझ्या दाखल्यावर हेच होतं, तर अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले होते.

९ जुलै
कागद परत.
"एजंट हसला, भाभी. बोललान, मालकीण रागावलेय काय तुझ्यावर?"
सॅटिसफॅक्टरी म्हणजे तिकडे जेमतेम. मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं ना? प्रकाश गेला तर शेडला कुलूप. दुसरा माणूस नाही.

१० जुलै
सनाला पुण्याला फोन केला. तिने मोबाईलवर मजकूर पाठवला. हायली मोटिव्हेटेड, डायनॅमिक, रिझल्ट ओरिएंटेड. "अम्मी, सगळे हेच लिहितात."
डायनॅमिक! आणि प्रकाश! चहा प्यायला हाक मारली तर चहा निवल्यावर येणारा माणूस. हसू आलं. हे गेल्यावर पहिल्यांदाच. मग कसंतरी झालं.

१४ जुलै
आज शेडमध्ये इंजिन सुरू झालं. ठोका चांगला. लगेच बंद. नौकेचा मालक ओरडायला लागला, "अरे चाललंय ना? दे की आता! का अंडी उबवतोस त्याच्यावर?"
प्रकाश म्हणाला, "गार होऊ दे. तापलेलं काय, कोणाच्याही हातान् चालू होतं."
ह्यांचंच वाक्य. सूरही तोच. भांडं हातातच राहिलं.
हे असेच. दुरुस्ती झाली की इंजिन बंद करून शेजारी बसून राहायचे. गार इंजिन पहिल्या झटक्यात उठलं तरच द्यायचं. पहाटे दर्यावर ते गारच असतं म्हणायचे. गिऱ्हाइकं कंटाळायची, शिव्या द्यायची, पुढच्या वर्षी परत यायची.
ह्याला इंग्रजीत काय म्हणायचं? केअरफुल कुणालाही म्हणतात. सिन्सियर शिपायाला लिहितात. रिलायबल थोडं जवळ, पण...

१६ जुलै
दीर येऊन गेले. "भाभी, चांगलंसं लिहून मोकळ्या व्हा. तो गेला की शेडच्या जागेचं बघू. गिऱ्हाईक आहे." त्यांना चहा दिला. दिवसभर पेनाला हात लावला नाही.

१७ जुलै
खिडकीतून विचारलं, "जायचंच का?"
"भाभी, पोरगी मोठी होत्येय." मग, "तुम्ही नको बोललात तर नाय जायचो."
हे त्याने बोलायला नको होतं.

१८ जुलै
शब्द शोधायचे सोडले. तो करतो तेच लिहिलं. आफ्टर रिपेअर ही स्टॉप्स द इंजिन. ही वेट्स टिल इट इज कोल्ड. देन ही स्टार्ट्स इट अगेन. ओन्ली देन ही गिव्ज इट. माय हजबंड वर्क्ड लाइक धिस.
शेवटचं वाक्य खोडलं. कागद खराब झाला. दुसऱ्या कागदावर सगळं उतरवलं, ते वाक्यही.
सनाला वाचून दाखवलं. तिने पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग, "अम्मी, एजंटला कळेल का हे?"
एजंटाला नाही कळणार. तिथल्या एखाद्या मेकॅनिकने वाचलं तर कळेल.
खाली सहीची जागा अजून रिकामी. प्रकाश संध्याकाळी न्यायला येईल.
शेडमधलं इंजिन आत्ता बंद झालं. गार व्हायला वेळ आहे.