गुलाबी झाकणाची डबी आणि आईंची पांढरी अंगठी

रेवदंडा, शुक्रवार

ती. जागृतीताई यांना,

हेमांगीचा नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? भावोजींचा खोकला गेला असेल अशी आशा करते. इकडे वारा चांगला आहे, तुमचे भाऊ ठीक आहेत, मी ठीक आहे, आणि आई ठीक होतील असं डॉक्टर म्हणतात. (फोनवर एवढं बोलून होण्याआधीच तुम्ही "गिऱ्हाईक बसलंय गो, मागनं बोलते" म्हणता, म्हणून कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.) सांगायचं आहे ते तुम्ही दिवाळीत आईंना दिलेल्या गुलाबी झाकणाच्या क्रीमबद्दल. ते या घरात आता कोणी लावणार नाही, आणि माझं चाललं तर तुमच्या पार्लरमध्येही कोणी लावणार नाही.

सुरुवात अंगठीपासून झाली. तुमच्या आईचं सोनं तुम्हाला माहीत आहे. मासळी साफ करताना, आंघोळीला, तापात, ते कधी अंगावरून उतरत नाही. (तुमच्या जन्माच्या वेळीही उतरवलं नव्हतं, असं त्या सुइणीचं नाव घेऊन सांगतात.) तर ही अंगठी गेल्या महिन्यात पांढरी पडू लागली, मग पाटलीची कडही. आई तशाच उठल्या आणि भर बाजारात दिनानाथ सोनारांच्या दुकानापुढे उभ्या राहिल्या. सोन्यात चांदी मिसळली म्हणून त्यांनी जे सुरू केलं, ते ऐकायला कोलंबीचं गिऱ्हाईकसुद्धा तिकडे वळलं. "वेणूबाय, ही अंगठी माज्या बापानं घडवली," दिनानाथ म्हणाले. "तो वर गेलाय. त्याला जाऊन इचार." "जाईन तवा इचारीन. आज तू सांग," असं आईंचं उत्तर. शेवटी दिनानाथांनी अंगठी घासून पाहिली आणि म्हणाले, सोन्याला पारा लागलाय, घरात थर्मामीटर फुटला असेल.

मग आम्ही फुटलेला थर्मामीटर शोधू लागलो. आमचा थर्मामीटर कपाटात धडधाकट होता, पण तुमच्या भावांचा स्वभाव असा की धडधाकट वस्तूवर त्यांचा विश्वास बसत नाही. त्यांनी पेट्या ओढल्या, गाद्या झटकल्या आणि टॉर्च घेऊन अख्खा दिवस खाटांखाली काढला. आई वर बसून "त्या कोपऱ्यात बघ, भिताडाकडं बघ" असं मार्गदर्शन करत होत्या. त्यांचे पाय सुजलेले होते, कपातला चहा बशीत सांडत होता, आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. चेहराही फिकट झाला होता, तर मी रक्त कमी झालं असं ठरवून त्यांना बीट खायला घातलं. (मान आणि कान मात्र नेहमीच्या रंगाचे होते. तोंड एका घरचं आणि मान दुसऱ्या घरची, असं दिसत असूनही मी बीटच किसत राहिले.)

उलगडा आईंनीच केला. एका दुपारी मला हाक मारली, डबी पुढे केली आणि म्हणाल्या, "मानंला लाव गो. माजा हात थरथरतो." मी बोट डबीत घालणार तोच त्यांच्या अंगठीकडे लक्ष गेलं, मग त्या थरथरणाऱ्या हाताकडे, आणि मी झाकण लावलं. दुसऱ्या दिवशी आई आणि डबी, दोघींना अलिबागला डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत आईंच्या लघवीत पारा निघाला. कातडी गोरी दिसावी म्हणून काही क्रीममध्ये तो घालतात, तो कातडीतून आत जातो आणि मूत्रपिंडं धरतो, असं डॉक्टरांनी समजावलं. लावणं बंद केलं की हळूहळू सुधारेल म्हणाले. डबीवर बनवणाऱ्याचं नाव नाही, आत काय आहे त्याचा एक शब्द नाही. नुसती हसणारी बाई आहे.

परत येताना मी विचारलं, आई, या वयात कशाला? त्या म्हणाल्या, मागच्या लग्नाच्या अल्बममंदी माजं दात आणि सोनं तेवडं दिसतंय, आता नातीच्या, सोनलच्या हळदीला मुंबईची माणसं येणार, पोरीला कमीपणा नको. ताई, ज्या तोंडानं आयुष्यभर खळ्यावर ऊन खाल्लं, त्या उन्हातच मासळी वाळली आणि तुम्ही दोघं भावंडं वाढलात. ते तोंड फोटोतून पुसायला आई निघाल्या होत्या आणि मी शेजारी राहून बीट किसत होते. मला त्याची लाज वाटते.

तुम्ही म्हणाल, मी स्वतः वापरते, गिऱ्हाईकं मागून घेतात, आजवर कोणी तक्रार केली नाही. आईंनीही केली नव्हती. त्यांनी सोनाराची केली. तुम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून मी रागावलेली नाही. आता ठाऊक आहे. कपाटातल्या सगळ्या डब्या बंद करा. कचऱ्यात टाकू नका, कोणी उचलून लावेल. पिशवीत बांधून ठेवा, डॉक्टर सांगतील तिकडे देऊ.

तुमची,
हेमांगी

ता. क. : खरं पत्र इथून वाचायचं. सोनलही तेच लावते आहे, हे आईंकडून आज कळलं. तिला आजच बंद करायला लावा आणि सोमवारी सकाळी तपासणीला घेऊन या. नंबर लावून ठेवला आहे. तुमचाही लावला आहे. हळदीत ती आहे त्या रंगाची बसेल. मुलाकडच्यांना ती पिवळीच दिसायची आहे.

आणखी ता. क. : पाकीट चिकटवत होते तोवर आई लुगडं बदलून दारात उभ्या. म्हणतात, "चिठी ती बाजूला ठेवील. मला कुठं ठेवील?" तेव्हा पत्र आणि आई एकाच रिक्षाने येत आहेत. डब्या बाहेर निघेपर्यंत तुमच्या पार्लरच्या पायरीवर बसून सुकट विकायचं त्यांनी ठरवलं आहे. टोपली मीच भरून दिली. काठोकाठ.