फॉर्मवरचा दमा

तीर्थरूप धाकूमामांना सिद्धेशचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघं थायलंडच्या या बेटावर खुशाल आहोत, म्हणजे रुचिरा खुशाल आहे, माझं खाली सांगतो. तुमच्या कानाचं मशीन दुरुस्त होऊन आलं का? विमलामामींचे गुडघे कसे आहेत? फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी ओरडलो तर खोलीतले बाकीचे आठ जण माझ्याकडे बघतात (एका खोलीत दहा पलंग, एकावर एक), म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो धाडतोय. घाटकोपरला चष्मा लावून निवांत वाचा.

मामा, तुम्ही माझी पार वाट लावलीत. पाठीवर बोचकं घेऊन फिरायचं, स्वस्तात राहायचं आणि एकदा तरी समुद्राच्या तळाशी जायचं, हा तुमच्या भाचेसुनेचा, रुचिराचा हट्ट. तिने बेटावरचं सगळ्यात स्वस्त डायव्हिंगचं दुकान हुडकलं (सूटला गुडघ्यावर ठिगळ आणि आत आधीच्या गिऱ्हाइकाची वाळू). तरी मी पैसे भरले. पण बोटीवर चढल्यावर दुकानवाल्या बाईने आजारांचा फॉर्म पुढे केला. आता आपल्या घरात फॉर्म कसा भरतात? तुम्ही शुगर लपवलीत, मेडिक्लेमवाल्यांनी हात वर केले, आणि तेव्हापासून आम्हा सगळ्या भाचरांना बसवून बजावलंत की फॉर्मवर शिंकसुद्धा लपवायची नाही. मी नाही लपवली. ॲसिडिटी लिहिली, पाठीचं दुखणं लिहिलं, आणि दम्याच्या रकान्यात ठसठशीत 'हो' लिहिलं. बाई म्हणाली, डॉक्टरची चिठ्ठी आणा, तोवर पाण्यात पाय घालायचा नाही. रुचिराने मात्र बारमाही सर्दी असून सगळीकडे 'नाही' ठोकलं आणि टाकी बांधून खाली गेलीसुद्धा. याला काय न्याय म्हणायचा?

तुमचे वडील देवगडला होडी हाकायचे, आणि त्यांचा नातू बोटीत अकरा जणांच्या चपला राखत बसला. वर मळमळलं ते वेगळंच. नावाड्याने लिंबू दिलं, तेही हसत. रुचिरा वर आली ती कासव बघून. कालपासून घरात (म्हणजे पलंगावर) फक्त कासव चाललंय. त्याने मान अशी वळवली, त्याने माझ्याकडेच पाहिलं. माझं डोकं उठलंय. सगळा दोष तुमच्या शिस्तीचा आहे आणि हे मी मामींसमोरही बोलेन.

तुमचा संतापलेला भाचा,
सिद्धेश

ता. क. मामींसमोर बोलणार नाही. आणि तुमच्या डॉक्टरांकडे चिठ्ठीसाठी धावू नका. इथे कोपऱ्यावरच दवाखाना आहे, दहा मिनिटांत तपासून चिठ्ठी देतात. रुचिराने तो शोधून काढलाय. उद्या सकाळी मला नेणार आहे.

आणखी एक. मामा, दमा मला कधीच नव्हता, तो आमच्या हर्षददादाला होता. बोटीतून खाली ते काळंशार पाणी दिसलं आणि मी घाबरून कठडा धरला, तेवढ्यात हातात फॉर्म आला. रुचिराला आता संशय आलाय, ती आजच मामींना फोन करून विचारणार आहे. तेव्हा मामींना आधीच सांगून ठेवा, दमा सिद्धेशलाच होता आणि फार जोराचा होता. फोनवर खोटं बोललं म्हणून कोणी मेडिक्लेम नाकारत नाही.