प्रमिलाची उदाहरणे

सोमवार, १७ मार्च

विद्यार्थी तीन. वेळ दुपारी चार. स्थळ — माझी ओसरी, केनवड. सतरंजी एक, फळा एक (शाळेचा, उसना), शिक्षक एक — अध्यापनाचा अनुभव शून्य!

मुख्याध्यापिका निता मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, "साहेब, पाचवीत आता नापास करतात. गणितात ही तिघं गेलीच समजा. तुम्ही बी.एस्सी., त्यातून जन्म मोजणी खात्यात गेला. महिनाभर बसवा त्यांना." नकाराची तीन कारणे मी मनात क्रमवार मांडली. तोवर त्या फाटकाबाहेर गेल्या होत्या.

हर्षल — भाजीमळेवाल्यांचा, बोलणे अखंड. प्रियदर्शनी — समास सुरेख आखते. समासापुढे काहीही नसते. रुचिका — आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली होती, होळीला परतली. पाच महिने शाळा नाही. काहीही विचारले तरी सतरंजीकडे पाहते.

मंगळवार, १८ मार्च

रुचिकाची आई लिलाबाई फाटकाशीच थांबली. "पास झाली त आजीपाशी ठिवतो, सर. नापास झाली त औंदा संगंच नेतो. पाचवीत दोनदा बसवून काय करू? तिकडं लहान्याले तरी सांभाळन."

आमच्या खात्याची एकही नोटीस इतकी स्पष्ट नसे.

गुरुवार, २० मार्च

उदाहरण दिले — धनीबाईंनी ४८ लाडू सहा मुलांना सारखे वाटले. प्रत्येकास किती?

हर्षल : "कोणती धनीबाई, सर? स्टँडवरची? तिले त शुगर आहे. लाडू कायले करन?"

नाव बदलले. रामकिसन सायकलने तीन तासांत २७ किलोमीटर गेला —

"नाही गेला, सर! त्याची सायकल पंक्चर आहे. म्या सकाळीच पाह्यली."

हा रामकिसन काल्पनिक आहे, असे मी निक्षून सांगितले. "मंग आपल्या रामकिसनचं नाव काहून घेतलं?"

प्रश्न बिनतोड होता. भागाकार राहून गेला.

शनिवार, २२ मार्च

कै. सौ. प्रमिलाच्या निधनास आज चार महिने. नोंद केली. अन्य काही सुचत नाही.

मंगळवार, २५ मार्च

अनर्थ!

काल अपूर्णांकाचे एक निरुपद्रवी उदाहरण घातले होते — रामरावांकडे ९६ आर शेत होते. त्यांनी एक चतुर्थांश विकले. किती उरले? मुलांनी ते वहीत उतरवून घरी नेले.

आज ठीक चार वाजता आमच्या गल्लीतले रामराव आणि त्यांचे धाकटे बंधू चंपतराव ओसरीत उभे. हे दोघे नऊ वर्षे एकमेकांशी बोलत नाहीत. आज सगळी कसर भरून काढली.

"मले न इचारता शेत इकलं? सातबारा सामाईक आहे! मायी सही लागते!"

"अरे, इकलंच नाही! कोण म्हन्ते?"

"मोजणीसाहेबानं लेहून देलं! या पोट्ट्याच्या वहीत आहे!" पुराव्यादाखल हर्षलची वही पुढे करण्यात आली. हर्षल अत्यंत प्रसन्न होता.

हे केवळ उदाहरण आहे, असे मी स्पष्ट केले. तेव्हा रामराव सावकाश म्हणाले, "मंग शहाण्णव आर कुठून आलं, साहेब? मायं शेत बराबर शहाण्णवच आहे."

ते शेत १९९८ साली मीच मोजले. आकडा हातात मुरलेला — नकळत खडूतून उतरला! छत्तीस वर्षांच्या सेवेत असा प्रमाद माझ्याकडून घडला नव्हता.

"पाव हिस्सा इकला त उरलं किती?" चंपतराव हटेनात. दोघे भाऊ बोटांवर मोजू लागले. एकाचे साठ आले, दुसऱ्याचे ऐंशी. मग भांडण त्यावर!

"बहात्तर."

रुचिका. सतरंजीकडे पाहतच. नऊ दिवसांतला पहिला शब्द.

रामराव लगेच, "पाह्य! पोट्टीले समजते, तुले नाही समजत!" — जणू यामुळे शेत परत मिळाले. जाताना बजावले, "साहेब, आमच्या घरातलं नाव पुन्हा फळ्यावर दिसलं नाही पाह्यजे." चंपतराव म्हणाले, "मायं बी." नऊ वर्षांतले पहिले एकमत.

बुधवार, २६ मार्च

केनवडात ज्या नावाचे कोणी नाही असे नाव शोधले. वीस नावे सुचवली. हर्षलने वीसही बाद केली — बहुतेक त्याच्या आत्या निघाल्या.

शेवटी लिहिले — प्रमिलाबाईंनी तीन डझन पेरू नऊ शेजाऱ्यांना सारखे वाटले.

"ह्या कोण, सर?"

"माझी पत्नी."

"त्याइनं खरंच वाटले?"

"हो."

असत्य. प्रमिलाने पेरू कधी आणलाच नाही. बिया दातात अडकतात म्हणे. निवृत्तीनंतर राहण्यासाठी हे घर घेतले, पण येथे येण्यापूर्वीच ती गेली. गावात तिला कोणी पाहिलेले नाही. फळ्यावर 'कै.' लिहिले नाही. गणिताच्या दृष्टीने ते अनावश्यक होते — असे त्या क्षणी वाटले.

रुचिकाने उत्तर काढले. चार. वर विचारले, "काकूनं सोताले ठिवलाच नाही का एखांदा?" पूर्ण वाक्य!

गुरुवार, ३ एप्रिल

प्रमिला आज रिसोडला गेली. दर ताशी चाळीस किलोमीटर, स्कूटरवर. (आयुष्यात तिने सायकलही चालवली नाही.) काल तिने वर्गाच्या भिंतीला रंग दिला. परवा ती तलावात तीन फेऱ्या पोहली — पाणी गुडघ्यावर आले की माझा दंड धरणारी बाई!

आता हरकती नाहीत. मी खडू उचलण्यापूर्वीच प्रश्न येतो, "काकू आज कुठं चालल्या?" आज बेरीज चुकल्यावर हर्षल हळहळला, "आरारा, काकू रिसोडच्या पुढं निंगून गेल्या!" मला हसू आवरले नाही. प्रियदर्शनीने समासापुढे चक्क उत्तर लिहिले. चूक होते, पण होते!

शुक्रवार, ११ एप्रिल

रुचिकाने विचारले, "काकू इकडं राह्यले कधी येतीन?"

"आधी परीक्षा होऊ दे," मी म्हणालो.

मोजणीत कधी एक इंचही खोटा लिहिला नाही. आणि येथे मुलांच्या डोळ्यांदेखत — ! सांगणे कर्तव्य आहे. पण आता सांगितले आणि रुचिकाचा धीर सुटला, तर? लिलाबाई तिला कोयत्यामागे घेऊन जाईल. निकालानंतर सांगेन. तारीख निश्चित — १ मे.

गुरुवार, १७ एप्रिल

गणिताचा पेपर. शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवून आलो. पुन्हा गेलो. पुन्हा आलो.

रुचिका बाहेर येताच म्हणाली, "पेपरात कोणी सरिता व्हती, सर. म्या खोडलं, काकूचं नाव लेहलं."

तडक निता मॅडमना गाठले. त्या म्हणाल्या, "साहेब, नावाला गुण नसतात हो! तुम्ही घरी जाऊन झोपा."

झोपलो नाही.

गुरुवार, १ मे

तिघेही उत्तीर्ण! रुचिका — गणितात पन्नासपैकी एकवीस. तिची गुणपत्रिका मी तीनदा तपासली. बेरीज बरोबर आहे.

लिलाबाई आज प्रथमच ओसरीत आली, बसली, पाणी प्यायली. "राह्यते आता आजीपाशी," म्हणाली आणि पदराने तोंड पुसत राहिली.

सांगणे झाले नाही. गर्दी होती. (गर्दी म्हणजे लिलाबाई.)

शुक्रवार, २ मे

आज सांगितले. निवेदन आधी लिहून काढले होते. उभे राहून वाचले. दुसऱ्या वाक्यापर्यंतच पोहोचलो.

"मालूम आहे, सर," रुचिका म्हणाली. "मायनं पयल्याच दिशी सांगतलं व्हतं."

"मग रोज विचारीत का होता?"

हर्षल म्हणाला, "काकू नसल्या का तुमी लय खेकसता."

कागदाची घडी घालून खिशात ठेवली. आता सुट्टी आहे, येण्याची आवश्यकता नाही, असे कळवले.

"सुट्टी आमाले आहे," रुचिका म्हणाली. "तुमाले कायची?" — आणि फळा पुसू लागली.