चाळणीतलं ग्रहण

आबा,

गेल्या पौषातल्या ग्रहणाआधी तुमच्या जावयांनी इथे कल्याणात, देवळाच्या ओसरीवर लोकांना ग्रहण समजावून सांगितलं. अगदी तुमच्यासारखं. कंदील म्हणजे सूर्य, नारळ म्हणजे पृथ्वी आणि दोऱ्याला टांगलेलं लिंबू म्हणजे चंद्र. लिंबू कंदिलाच्या आड आलं, नारळावर सावली पडली, तशी भाजीवाल्या, दुकानदार, मिठागरातली माणसं सगळी पुढे सरकली. एका म्हाताऱ्याने विचारलं, "मंग मास्तर, घरान भरलेला पानी फेकाचा का नाय?" हे म्हणाले, "मुळीच नाही. सावलीनं कधी पाणी बाटतं का?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांत बसलेल्या मला मात्र शिसारी आली. त्याच सकाळी ह्यांनी मला बजावलं होतं की ग्रहण लागल्यापासून सुटेपर्यंत सुनेला आतल्या खोलीत कोंडायचं, पाण्याचा थेंब द्यायचा नाही. तिला सातवा महिना होता.

ह्यांचा राग करावा, तर ते तुमचेच विद्यार्थी. ठाण्याच्या आपल्या अंगणातली ती थंडीतली सकाळ मी विसरलेले नाही. तुम्ही उन्हात चाळण धरली आहे, तिच्या प्रत्येक भोकातून जमिनीवर सूर्याची एकेक कोर पडली आहे, आणि सगळी आळी वाकून बघते आहे. आई तेव्हा गरोदर, दाराआड अंधारात. ती आतून हळूच विचारते, "कसा दिसतो गं सूर्य?" मी दाराला तोंड लावून सांगते, "कुरतडलेल्या भाकरीसारखा." तेवढ्यात तुम्ही माझा दंड धरून मला ओढता. "तिला ग्रहणाचं काही ऐकवायचं नाही." मी म्हटलं, "पण आबा, ती नुसती सावली आहे ना?" तुम्ही आवाज खाली आणून म्हणालात, "लोकांना सांगायचं ते निराळं, घरात पाळायचं ते निराळं."

पुढे बाळ जन्मलं आणि बारशाआधीच गेलं. तुम्ही मला बोलला नाहीत. आईजवळ बसलेल्या माझ्याकडे एकदा पाहिलंत, एवढंच. ती नुसती सावली आहे हे ज्याला पुरतं ठाऊक होतं, त्या माणसाने मुलीकडे तसं पाहावं, याची मला आजही किळस येते. अडाणी माणसाने पाहिलं असतं तर मी कधीच विसरून गेले असते.

म्हणून या ग्रहणात, भर दुपारी ऊन राखेसारखं मळकट झालं आणि आतून सूनबाई म्हणाली, "सासूबाई, घसा फार सुकलाय हो," तेव्हा मी कडी काढली. आधी तिला तांब्याभर पाणी दिलं, मग हाताला धरून अंगणात आणलं. हे काजळी धरलेल्या काचेतून सूर्य बघत उभे होते. म्हणाले, "काही विपरीत झालं तर?" मी म्हटलं, "तर तुम्ही माझ्याकडे बघा. मला सवय आहे." त्यांनी काच खाली ठेवली आणि ते आत निघून गेले. मी चाळण धरली. सूनबाईच्या पदरावर, पोटावर कोरीच कोरी पसरल्या. कुंपणापलीकडच्या बायका आधी तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या, मग एकेक करून आत आल्या.

चैत्रात नात झाली. धडधाकट आहे. पण सूनबाई मोकळी होईपर्यंत मला झोप लागली नाही. मलासुद्धा, आबा. इतकं आत घालून ठेवलंत तुम्ही.

हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकते. त्या दुपारी सूनबाईने विचारलं होतं, "हे तुम्हांला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी." आणि ते सांगताना माझा आवाज अभिमानाचा होता.