सोमवारची हरकत

सोम. ३ मार्च. निलंगा
आजची बैठक पण वाया. गल्लीच्या बोअरला नवीन मोटर बसवायची, एवढाच विषय. शिवाप्पांनी हात वर केला, "माझी हरकत हाय." मोटरचा आवाज त्यांच्या देवघरात येईल म्हणे. झालं. एकाचीही हरकत आली की काम पुढच्या सोमवारपर्यंत थांबवायचं, हा नियम मीच घालून दिलेला. शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो, त्याची खुमखुमी. गेल्या उन्हाळ्यापासून मोटर दुकानातच पडून आहे.
घरी आलो तर पारूनं रिकामी घागर पुढ्यात ठेवली. "घ्या, हरकत प्या आता." इतक्या वर्षांचा संसार, जीभ अजून तशीच.

शनि. ८ मार्च
कंत्राटदार मन्मथनं कुणाला न विचारता मोटर बसवली. सकाळी नळाला पाणी. बायकांनी त्याला ओवाळायचंच काय ते बाकी होतं. आणि पेढे कोण वाटतंय, तर शिवाप्पा. म्हटलं, आवाजाचं काय?
"मन्मथपुढं कोन बोलावं, सर? अन् पानी तर आलं की."
माझ्यापुढं मात्र वर्षभर बोलत होते. राग मन्मथचा नाही, याचा आला.

सोम. १० मार्च
ठराव: बैठक बंद, इथून पुढं सगळं मन्मथ बघेल. सगळ्यांचे हात वर. पारूचाही.
मी हरकत घेतली. नियमानं तिथंच थांबायला हवं होतं. मन्मथ हसून म्हणाला, "सरांची हरकत ऐकली. चला, चहा घ्या." आणि सगळे उठले चहाला. मला कुणी गप्प बसवलं नाही. तेवढीही गरज पडली नाही.
घरी पारूला विचारलं, हात का वर केलास?
"भांडणं ऐकून कान किटले. सगळ्यांचं ऐकून घ्यायचा तुम्हाला पगार होता. मला पाणी भरायचं असतंय."
 

बुध. १२ मार्च
नांदेडहून मुलीचा फोन. तिच्या सोसायटीतही एकच माणूस सगळं बघतो, लोक खूश आहेत. "बाबा, तुम्ही कशाला वाईटपणा घेता?" हिला मीच शिकवलं.

सोम. १७ मार्च
शेजारच्या शकुंतलाबाईंनी शुक्रवारी मन्मथला विचारलं, तुझ्या बांधकामावर पाणी कुठून जातंय? दुसऱ्या दिवशीपासून त्यांचा नळ बंद. सकाळी दारात आल्या. "सर, आज बैठकीत माझा विषय काढा की."
कसली बैठक! ठरावाला तुमचाही हात वर होता, हे ओठांवर आलं होतं. गिळलं.
शिवाप्पांना गाठलं. मान हलवत म्हणाले, "बाईनं उगं तोंड घातलं." त्यांच्या अंगणात नळ धो धो चालू.

मंगळ. १८ मार्च
दुपारी मन्मथ आला, पाया पडला. माझाच विद्यार्थी. "सर, तुमचं पानी मी कधी तोडनार न्हाई. फक्त दुसऱ्याला देऊ नका." चहा पिऊन गेला. किती गोड बोलतो मेला.
तो वळताच पारूनं एक घागर भरली, शकुंतलाबाईंसाठी. मी न सांगता. बरं वाटलं. उचलायला गेलो तर हात धरला. "थांबा. अंधार पडू द्या."
घागर उंबऱ्याशी आहे. बाहेर अजून चांगलं ऊन आहे, आणि शकुंतलाबाई त्यांच्या दारातून इकडंच बघताहेत.