गोळ्या वेळेवर घेता ना?

तीर्थरूप आईस,

साष्टांग नमस्कार. मी ठणठणीत आहे, जेवणखाणही वेळेवर होतं. बाबांचा खोकला कसा आहे?

डॉक्टरांच्या हाताखाली रुग्ण तपासणारे सहायक आम्ही शिकवून तयार करतो, हे तुला ठाऊकच आहे. यंदा मुलांच्या आणि शिक्षकांच्या संशोधनाला मदत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. एका विद्यार्थिनीला विषय मीच सुचवला: शिकवणारे स्वतः रुग्णाचं किती ऐकून घेतात? सगळ्यांची परवानगी घेऊन तिने तपासणीच्या खोलीतली बोलणी रेकॉर्ड केली. आता एकेकाचं पितळ उघडं पडेल म्हणून मी खुशीत होते.

काल तिने मला ती ऐकवली. नावं काढली होती, पण आवाज कुठे लपणार? एक आजी म्हणत होत्या, "झोपताना मला जरा..." आणि तपासणाऱ्या बाई ताडकन म्हणाल्या, "गोळ्या वेळेवर घेता ना? मग झालं तर." आजींचं वाक्य तिथेच राहिलं. त्या बाई म्हणजे मी.

"मॅडम, हे वगळू का?" पोरीने खाली बघत विचारलं. राहू दे म्हटलं, पण तिच्या नजरेला नजर देववेना.

आई, गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालीस, "अगं, मला हल्ली जरा..." आणि मी तुलाही गोळ्यांचंच विचारलं. तू नुसतं हो म्हणालीस.

पुढे काय सांगणार होतीस? सगळं लिही. पत्रात मला मध्ये तोंड घालता येत नाही.

तुझी,
थोरली